ओल मोजणारी डबी

"तिसरंही डिझाइन फुटलं!" बाईंनी सायबर पोलिसांना फोनवर सांगितलं.

बाईंचा बुटांचा छोटा कारखाना. पहिली दोन डिझाइन्स समोरच्या कंपनीनं आधीच बाजारात आणली, तेव्हा बाईंनी चामडं कापणाऱ्या जुन्या काकांवर आळ घेतला आणि त्यांना काढून टाकलं. पण हे तिसरं डिझाइन काकांना काढल्यानंतरचं. कागदावर उतरलंच नव्हतं, फक्त बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये होतं.

सायबर शाखेची इन्स्पेक्टर आली. कॉम्प्युटर तपासून ती चामड्याच्या कोठारात शिरली. भिंतीवर काडेपेटीएवढी पांढरी डबी लुकलुकत होती.

"हे काय?"

"हवेतली ओल मोजतं. चामड्याला बुरशी लागू नये म्हणून. आकडे मोबाइलवर येतात. दिरानं बसवलं, स्वस्तात मिळालं म्हणाला."

"तुम्ही कधी हात लावलात?"

"मला त्यातलं काय कळतंय!"

इन्स्पेक्टरनं डबीमागे छापलेला पासवर्ड लॅपटॉपवर टाकून पाहिला. "घेत नाही," ती पुटपुटली. मग डबीतलं मेमरी कार्ड काढून बराच वेळ वाचत बसली.

दिराला बोलावलं. तो हसतच आला.

"डबीमागे छापलेला पासवर्ड बदलायचा राहूनच गेला," तो म्हणाला. "जगातलं कुणीही शिरलं असेल."

"नक्की बदलला नव्हता?"

"शप्पथ!"

"ही डबी दिसते एवढीशी, पण आहे अख्खा कॉम्प्युटर," इन्स्पेक्टर म्हणाली. "तोही बाईंच्याच वायफायवर. इथून त्यांच्या फाइल्सपर्यंत वाट सरळ. कार्डवर तिन्ही डिझाइन्सच्या प्रती आहेत. बाहेरचं कुणी घुसलं असं मीही मानलं असतं. पण छापलेला पासवर्ड चालतच नाही. कार्डवरच्या नोंदीप्रमाणे डबी बसवली त्याच दिवशी, याच वायफायवरून तो बदललाय. तेव्हा डबी तुमच्याच हातात होती ना? मग खोटं का बोललात?"

दिराचं हसू मावळलं. "वहिनी, समोरच्या कंपनीनं मला भागीदारी देऊ केली होती..."

घरचा म्हणून ह्याला बाईंनी एक प्रश्न विचारला नव्हता. काकांना मात्र तोंडही उघडू दिलं नव्हतं.

संध्याकाळी त्या काकांच्या दारात उभ्या राहिल्या. "माझं चुकलं, काका."

"चोर म्हणालात ते सगळ्यांदेखत," काका शांतपणे म्हणाले. "आणि हे इथं, हळू आवाजात?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी काकांना बोलावून घेतलं, मशिनं बंद करायला लावली आणि साऱ्या कारागिरांसमोर हात जोडून तेच पुन्हा सांगितलं. दिराचं नावही घेतलं.

काकांनी ऐकून घेतलं. मग चपला पायात सरकवून ते बाहेर पडले. त्यांना थांबवायची बाईंची हिंमत झाली नाही.