सहाव्या चौकटीपलीकडे

जवळ सरका पोरांनो, आणि तो दिवा राहू द्या तसाच. ही ऐकीव गोष्ट नाही. रुबेन गार्लिक माझ्याच गल्लीतला. चाळीस वर्षं ओळखतो मी त्याला, आणि त्याच्याइतका कमी बोलणारा सुतार आख्ख्या ऑल्डरविकमध्ये सापडायचा नाही. असा माणूस पदरचं घालून काही सांगत नसतो.

डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. टॅनर्स रोची ती लाकडी चौकटींची जुनी घरं तुम्ही रोज बघता. एकमेकांना खांदा लावून उभी असलेली पाच घरं, मध्ये कुडाच्या भिंती आणि वर सगळ्यांना मिळून एकच छप्पर. पाच घरं म्हणजे सहा चौकटी: दोन टोकांना दोन, मधल्या भिंतींत चार. पाचशे वर्षांपूर्वी ज्यांनी त्या उभ्या केल्या, त्यांनी प्रत्येकीच्या जोडावर छिन्नीने रोमन आकडा कोरलाय. चार मात्र सुतारी पद्धतीचा, चार उभ्या रेघा. डागडुजीआधी हे आकडे वहीत उतरवायचे, एवढंच काम होतं. रुबेन आणि त्याचा धाकटा भाऊ सायलस चारच्या सुमाराला तिथे पोचले.

हे काम दोघांचं. एक जण पहिल्या घरातून माळ्यावर चढतो आणि छपराखालून रांगत शेवटच्या घरापर्यंत जातो. चौकट लागली की आकडा ओरडतो. दुसरा शेवटच्या घरात शिडीवर वही घेऊन उभा असतो. तो आकडा परत उच्चारतो, मगच वरचा पुढे सरकतो. शेवटची चौकट आली की वहीवाल्याने ‘पुरे’ म्हणायचं. वरचा आपणहून थांबत नाही, कारण त्या धुळीत आपण कुठवर आलो हे त्याला कळतच नाही. बापाने दोघांचे कान पिळून हे शिकवलं होतं.

तो बाप ऑक्टोबरात गेला. सायलस तेव्हा हेरेफर्डला कामावर होता, आणि रुबेनने त्याला फोन केला तो दोन दिवसांनी. बिचारा मातीलाही पोचला नाही. जुनं काहीतरी मनात धरून रुबेनने हे केलं होतं. आपलं चुकलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो जास्तच ताठला होता. तेव्हापासून दोघं कामापुरतंच बोलत.

पाचव्या घरात मिसेस टिबिट्स राहायच्या. त्यांनी चहा दिला, दोघांची तोंडं बघितली आणि म्हणाल्या, “सख्खे भाऊ ना रे तुम्ही? मी माझ्या मांजराशी याहून जास्त बोलते.”

सायलस कप ठेवून निघाला आणि दारात थांबला.

“रुबेन, शेवटी बाबांनी माझं नाव घेतलं होतं का?”

रुबेन वहीत रेघा मारत राहिला. सायलस पहिल्या घराकडे निघून गेला.

पावणेपाच वाजले. सूर्य चारलाच बुडालेला, बाहेर काळोख, आकाश स्वच्छ, थंडी अशी की कान दुखावेत. रुबेन शिडीवर चढला आणि छतातल्या झडपेतून डोकं माळ्यात घातलं. डाव्या हाताला, वीतभर अंतरावर, शेवटची चौकट. तीच घराची बाहेरची भिंत. तिच्यापलीकडे काही नाही, नदीपर्यंत मोकळं कुरण.

लांबून आवाज आला. “एक.”

“एक,” रुबेन म्हणाला.

दोन झाले, तीन झाले. गुडघे घासल्याचा आवाज जवळ येत गेला. चार. पाच.

“सहा.”

अगदी कानाशी. रुबेनने टॉर्च फिरवली. कुणी नाही. धुराड्याच्या विटांमागे लपून हा आपली चेष्टा करतोय, असं त्याला वाटलं आणि तो भडकला. आपटू दे भिंतीवर डोकं, येईल अक्कल.

“सहा,” तो म्हणाला.

‘पुरे’ म्हणाला नाही.

गुडघे सरकले.

“सात.”

भिंतीच्या पलीकडून. जिथे जमीन पंधरा फूट खाली आहे... तिथून.

रुबेनने टॉर्च भिंतीवर रोखली. आणि तेवढ्यात कुणीतरी आकडा परत उच्चारला.

“सात.”

शांत आवाज. वही हातात असलेल्या माणसाचा.

“आठ,” सायलस म्हणाला.

“आठ.”

“रुबेन... तुझा आवाज असा का येतोय?”

“पुरे!” रुबेन किंचाळला. “सायलस, पुरे! मागे फिर!”

काही नाही. मग आणखी लांबून, कुरणावरून...

“नऊ.”

“नऊ.”

रुबेन शिडीवरून पडतच खाली आला आणि कुरणात धावला. वर नुसत्या चांदण्या. तो तिथे उभा राहून ओरडत होता, “घेतलं होतं! तुझंच नाव घेतलं होतं रे त्यांनी, माझं नाही!” मिसेस टिबिट्सनी ते दारातून ऐकलं. मला सांगताना त्यांना रडू आवरेना.

रात्री बंबवाले आले, छपराची कौलं उतरवली. सहा चौकटी होत्या. सायलस नव्हता.

सकाळी कुरणभर हिव पडलं होतं, पांढरंधोप. भिंतीला लागून मात्र घराच्या रुंदीचा एक पट्टा काळा, कोरडा. जणू वरून कुणी छप्पर धरलंय. रुबेनने टेप लावला. अठ्ठेचाळीस फूट. त्या रांगेतलं एक घर सोळा फुटांचं. म्हणजे तीन घरं. सातवी, आठवी, नववी चौकट.

आठ हिवाळे झाले. पहिलं हिव पडलं की तो जातो, ‘पुरे’ म्हणतो आणि मोजतो. दर वेळी अठ्ठेचाळीसच. नऊच्या पुढे त्याने कधी काही ऐकलं नाही.

परवा त्याचा स्वतःच्या मापावर विश्वास बसेना, म्हणून टेपचं दुसरं टोक धरायला मी गेलो. दोनदा मोजलं आम्ही.

चौसष्ट फूट.