गजेंद्रशेठची स्टेपनी

सुरतच्या लिंबायतमध्ये त्या संध्याकाळी लाइट गेलेले होते आणि वैभव आपल्या रिक्षाला 'नवे' टायर घेऊन आला होता. नवे म्हणजे कटिंगचे. गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम सुरीने पुन्हा खाचा पाडायच्या, वर काळं पॉलिश मारायचं, की झाला नवा. मोबाइलच्या उजेडात तो ते टायर बहिणीला, योगिताला, कौतुकाने दाखवत होता.

ओट्यावर बसलेल्या किसनआप्पांनी एका टायरवरून हात फिरवला आणि झटकन मागे घेतला.

"वैभव, हे परत देऊन ये."

"आप्पा, अर्ध्या भावात मिळालेत. दिसतात तर एकदम मस्त."

"दिसतात. पूतना मावशीसुद्धा दिसायला मस्तच होती." आप्पा सरकून बसले. "बसा दोघं. गजेंद्रशेठचं सांगतो. माझ्या चुलत मेहुण्याचा जावई होता तो. ऐकीव नाही, घरातली गोष्ट आहे."

आणि आप्पांनी सांगायला सुरुवात केली.

गजेंद्र धुळ्याकडचा. सुरतेला आला तेव्हा अंगावरचा शर्ट तेवढा स्वतःचा होता. पुढे कडोदऱ्याच्या बाजूला एम्ब्रॉयडरीचं खातं, म्हणजे छोटा कारखाना, टाकलं आणि गजेंद्रचा गजेंद्रशेठ झाला. माणूस तोंडाचा गोड, हाताचा घट्ट. घरात बायको चंचल, सहा वर्षांची मुलगी हर्षदा आणि दारात सात सीटांची उंच गाडी. गाडीवर त्याचा भारी जीव. तशीच एक जुनी गाडी त्याने कामगारांची ने-आण करायला ठेवली होती, ती दगा चालवायचा. दगा आपला लिंबायतचाच, पलीकडच्या गल्लीतला. कधी दारूच्या थेंबाला शिवला नाही, कधी कुणाला अरे-तुरे केलं नाही. हर्षदाला शाळेत सोडायचंही तोच.

अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण होता. चांगला मुहूर्त म्हणून गजेंद्र उधन्याला मारुती टायरवाल्याच्या दुकानात टायर घ्यायला गेला. जुने टायर झिजून टकले झालेले. वळणावर गाडी झोल मारायची, पाण्यात ब्रेक दाबला की तिरकी जायची. मारुतीने दोन टायर समोर ठेवले. म्हणाला, "शेठ, हा मोठ्या दातांचा, शेतात-खडीत चालतो. दिसायला रुबाबदार, पण डांबरावर घूं-घूं करतो. हा दुसरा घ्या. रबर मऊ, पाणी कापतो, वळणावर गाडी रस्त्याला धरून राहते. जरा लवकर घासेल, पण घरची माणसं बसतात ना गाडीत?"

गजेंद्रने दुसरा घेतला. स्टेपनीसकट पाच. व्हील अलाइनमेंट केलं, बॅलन्सिंग केलं. घरच्यांच्या बाबतीत माणूस एक पैशाची कसर करत नव्हता, हे खोटं कशाला बोला?

मारुतीने विचारलं, "जुने इथेच टाकू? त्यांच्यात काही राहिलं नाही आता."

"राहू दे. नेतो मी," गजेंद्र म्हणाला.

ते चार टायर कटिंगवाल्याकडे गेले. दोन दिवसांनी दगाच्या गाडीला बसले.

दगा हरखून गेला बिचारा. त्याची बायको सुभद्राबाई ताट घेऊन आली. चारी टायरांना हळदी-कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. दगाने टायरवरून हात फिरवला आणि थांबला. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, पाहिलेत ना? लहान पोराच्या कानावर असतात तसे. ते नव्हते.

"शेठ, याले मिशा नाहीत?"

"दुकानात घासून निघाल्या रे. नवेच आहेत." गजेंद्र हसला.

"मंग शेठ, स्टेपनी? आपल्या गाडीले स्टेपनी नाही."

"देतो. नवी कोरी देतो. घरपोच आणून देतो, मग तर झालं?"

दगाने गाडी पुढे घेतली. लिंबं चुरडली. सुभद्राबाईने हात जोडले. झिजल्या रबराची पूजा झाली ती. कुणी केली नसेल अशी पूजा, आणि कुणी करू नये.

आषाढात चलथाणच्या पुढे, साखर कारखान्याच्या वळणावर, दगाच्या गाडीचा डावा टायर फुटला. कामगारांना सोडून तो एकटाच परत येत होता, हे नशीब. गाडी बाभळीवर गेली. दगा जागच्या जागी गेला.

तेराव्यानंतर सुभद्राबाई गजेंद्रच्या दारात आली. बरोबर गल्लीतली चार माणसं होती. ती भांडली नाही. पैसे मागितले नाहीत. एवढंच विचारलं, "शेठ, टायर नवा व्हतात ना?"

चोराच्या मनात चांदणं. गजेंद्र तडकला. म्हणाला, "दगा पिऊन होता. टायरला काय नाव ठेवता?" आणि चार माणसांनी माना खाली घातल्या नाहीत, तेव्हा तो आपल्या गाडीजवळ गेला. पुढच्या टायरवर हात ठेवला. "कानबाईची आण! त्याच्या गाडीचे टायर जसे, तसेच माझ्या गाडीचे!"

आता खानदेशी माणूस आपल्या कानबाईदेवीची आण खोटी घेत नाही. घेतली तर फेडावी लागते. सुभद्राबाईने त्याच्या हाताकडे पाहिलं. मग टायरकडे. म्हणाली, "बरं. तसंज होवो."

आणि गेली.

"म्हणजे तिने शाप दिला?" योगिताने विचारलं.

शाप कसला? त्याचंच बोलणं तिने मान्य केलं. मला विचाराल तर शापापेक्षा ते वाईट. आणि खरं सांगू? दगाच्या मरणापेक्षा त्याला 'पिऊन होता' म्हटलेलं मला जास्त झोंबलं. मेलेल्या माणसाला तोंड नसतं रे, म्हणून काय वाटेल ते बोलायचं?

श्रावण आला. नागपंचमीनंतरचा रविवार कानबाईचा. आदल्या शनिवारी, रात्री जेवणं उरकून, गजेंद्र बायको-मुलीला घेऊन गावी निघाला. कानबाईच्या रोटाच्या नैवेद्याचे गहू मागच्या सीटवर, नारळ चंचलच्या मांडीवर. बारीक पाऊस. गाडी सुरेख चालली होती. कडोदऱ्याच्या पुलाखाली साचलेलं पाणी तिने असं कापलं की गजेंद्र खूश होऊन म्हणाला, "पाहिलंस? याला म्हणतात टायर."

चलथाण आलं. उसाचं गळीत बंद, त्यामुळे कारखाना अंधारात. रस्त्यावर ना ट्रॅक्टर, ना बैलगाडी.

गाडी डावीकडे ओढायला लागली.

गजेंद्रने स्टिअरिंग सरळ केलं. पुन्हा डावीकडे. जोर लावला. हाताला झटके बसायला लागले. वळणावर बाभूळ दिसली आणि गाडी आपोआप तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. इंजिन चालू. गिअर पडेना.

मागून हर्षदा झोपेतून उठून बसली.

"मम्मी, चल ना. दगाकाका उतरायला सांगतात."

चंचलच्या हातातला नारळ घरंगळला.

"कोण सांगतं?"

"दगाकाका. ते बघ ना, दरवाजा धरून उभे आहेत. बेटा, पहिले तू उतर, म्हणतात."

मागचा दरवाजा उघडा होता. तो कुणी उघडला नव्हता. शाळेच्या फाटकाशी दगा तसाच दरवाजा धरून उभा राहायचा. पोर खाली उतरली, तिच्यामागे चंचल धावली. दोघी रस्त्याच्या पलीकडे, कारखान्याच्या बंद फाटकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

गजेंद्र उतरला. टायर पंक्चर असेल, असंच त्याला वाटत होतं. की वाटून घ्यायचं होतं? मोबाइलचा टॉर्च लावून तो डाव्या चाकाशी बसला. हात लावला.

टायर गुळगुळीत होता.

त्यावर खाचा होत्या. वेड्यावाकड्या. सुरीने पाडलेल्या.

दुसरा पाहिला. तसाच.

मागचा... तसाच.

हात उजेडात धरला. बोटं पिवळी. मधे लाल. पाऊस पडत होता, तरी धुतलं जात नव्हतं. ते चंचलने पाहिलं, रस्त्याच्या पलीकडून. तिनेच मला पुढे सांगितलं.

आणि मग आवाज आला. बाभळीखालून. हळू, अदबीने. दगा बोलायचा तसाच.

"शेठ... टायर नवा व्हतात ना?"

गजेंद्र उठला. मागे सरकला.

"शेठ..."

पोरांनो, दगाने त्याला वाट ठेवली होती. बायको-पोरीला आधी हाताला धरून उतरवलं होतं. एक शब्द खरा बोलायचा होता. एकच. अंधारात ऐकायला तरी कोण होतं? बायको, पोर आणि एक मेलेला माणूस.

"बोला ना, शेठ... नवा व्हतात ना?"

चंचल ओरडली, "अहो, खरं सांगून टाका!"

गजेंद्रने तिच्याकडे पाहिलं. मग बाभळीकडे. हात पँटला पुसले.

"नवेच होते," तो म्हणाला.

पाऊस थांबला.

काहीच आवाज नाही...

मग गाडीचा गिअर पडल्याचा आवाज झाला. गजेंद्रला वाटलं, सुटलो. पळत जाऊन तो आत बसला. "पुढून वळवून आणतो, तिथेच थांबा," असं म्हणाला. गाडी सरळ निघाली. वेग घेतला. थोडी पुढे गेली. वळली. त्यांच्याकडेच यायला लागली.

बाभळीजवळ आली...

आणि टायर फुटला.

वैभवने हातातला टायर केव्हा खाली ठेवला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"गेले?" योगिताने विचारलं.

जागच्या जागी. पोलीस आले. पाहून म्हणाले, टायर पार झिजलेले, वर कटिंग मारलेलं, असल्या टायरवर बायको-पोरीला घेऊन निघतं का कुणी? चंचल रडून सांगत होती, अखजीला नवे घेतले म्हणून. मारुतीने येऊन शपथेवर सांगितलं. कुणी ऐकेना. पुढे लोक काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, शेठ पिऊन असेल.

जसं त्याचं, तसंच याचं.

दहावं झालं आणि चंचल एकटी लिंबायतला आली. सुभद्राबाईच्या पाया पडायचं, दगा पिऊन नव्हता हे चार माणसांत सांगायचं, असं ठरवून आली होती. मीच तिला त्या गल्लीत घेऊन गेलो. सुभद्राबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. चंचल काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "बाई, शेठनी आखरीले सबद पाळा. त्या रातले दार वाजनं, मी उघडं, तं हाई व्हतं. कोणी दिखनं नाही."

त्या रात्री दार उघडल्यावर तिला दिसलेला तो टायर चौकटीला टेकवलेला होता. स्टेपनी.

चंचलने ती ओळखली. अपघाताच्या रात्री पोलिसांनी गाडीखाली पाहिलं, तेव्हा स्टेपनीचा नट-बोल्ट घट्ट कसलेला होता आणि जागा रिकामी होती. कुठे पडली, म्हणून रस्ताभर शोधली, सापडली नव्हती.

मी खाली बसलो. टायरवरून हात फिरवला. कोरा होता. रस्त्याला कधी लागलाच नव्हता. रबराचे केस सगळे जागच्या जागी होते, बोटांना गुदगुल्या होत होत्या.

हात वर घेतला, तर बोटांना हळदी-कुंकू लागलं होतं. ओलं.