तांदळात लिहिलेलं नाव

“तुमच्या पहिल्या पत्नीचं काय झालं?” नोंदणी कार्यालयाच्या खिडकीतल्या यंत्रानं नम्र आवाजात विचारलं.

सैन्यातले निवृत्त हवालदार हणमंत सणस खिडकीकडे वाकले. मग त्यांनी शेजारच्या चाकाच्या खुर्चीकडे बोट केलं. “पहिली हीच. आणि शेवटची पण हीच.”

“आपल्या सेवानोंदीत पत्नीचं नाव सुनंदा आहे. सोबत आलेल्या व्यक्तीचं नाव चांगुणा आहे. सुनंदा हणमंत सणस यांची इतरत्र कुठेही नोंद नाही. मृत्यूची नाही, घटस्फोटाचीही नाही. कृपया खुलासा करावा.”

खुर्चीतल्या बाईंनी डावा हात कपाळावर मारून घेतला. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

हा खुलासा माणदेशातल्या कुठल्याही म्हातारीनं एका वाक्यात केला असता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दिवशी, हणमंतरावांच्या आईनं ताटात तांदूळ पसरले आणि मुलाच्या हातात अंगठी देऊन नव्या सुनेचं नाव लिहायला सांगितलं. चांगुणा हे नाव तिला जुनाट वाटत होतं. हणमंतरावांनी तांदळात ‘सुनंदा’ लिहिलं, पेढे वाटले गेले आणि संध्याकाळी त्याच तांदळाचा भात झाला. बाराव्या दिवशी रजा संपवून ते पलटणीत गेले. कारकुनानं बायकोचं नाव विचारलं, त्यांनी तांदळातलं सांगितलं. इकडे शाळेच्या दाखल्यावर चांगुणा होतं, त्यावरून मतदार यादीत, आधारवर आणि सातबाऱ्यावरही तेच गेलं. दोन्ही नावं इतकी वर्षं सुखानं नांदली, कारण प्रत्येक अर्जावर ‘उर्फ’ नावाचा एक छोटा शब्द होता.

तीन वर्षांपूर्वी ‘एकनोंद’ सुरू झाली. देशातली सगळी दप्तरं एकमेकांशी जोडली गेली. एका माणसाला एक नाव, असा नियम झाला, आणि ‘उर्फ’चा रकाना निघून गेला.

तरीही काही अडलं नसतं. पण चार महिन्यांपूर्वी चांगुणाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं हळूहळू परतत होतं, वाचा मात्र गेली होती. त्यांना सगळं समजायचं, पण शब्द बाहेर यायचा नाही. ‘हो’ म्हणायचं असलं की मान आडवी हलायची. डॉक्टर याला वाचाघात म्हणाले. पहिल्या सहा महिन्यांत मेंदू शब्दांसाठी नव्या वाटा शोधत असतो, नंतर तो शोध मंदावतो, हेही त्यांनी सांगितलं. सैनिकी रुग्णालयाच्या वाचोपचार केंद्रात एक जागा सोमवारपर्यंत राखून ठेवलेली होती, हवालदार सणस यांच्या पत्नीसाठी. नोंदीप्रमाणे ती पत्नी सुनंदा होती.

म्हणून हणमंतरावांनी प्रतिज्ञापत्र जोडून सेवानोंद दुरुस्त करण्याचा अर्ज केला होता. सुनंदाच्या जागी चांगुणा. एका शब्दाचं काम, असं त्यांना वाटलं होतं.

“प्रतिज्ञापत्र ग्राह्य नाही. संबंधित व्यक्तीचं उत्तर विश्वासार्ह नाही,” यंत्र म्हणालं. “नामवेध चाचणीसाठी खोली क्रमांक चारमध्ये जावं.”

खोली क्रमांक चारमध्ये शर्वाणी भिसे नावाची तिशीची वेधतज्ज्ञ होती. तिनं आधी बाईंना पाणी विचारलं, मग हणमंतरावांना बसायला सांगितलं.

“काकू, हा फक्त पट्टा आहे. टोचत नाही, झटका बसत नाही.” मऊ शिरपट्टी बसवताना तिनं त्यांचा अंबाडा हलकेच वर घेतला. “आपलं नाव कानावर पडलं की मेंदू दचकतो. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात एक लहर उठते. तिला ओळखलहर म्हणतात. झोपेतसुद्धा उठते, दाबून दाबता येत नाही. पुरात कागद वाहून गेलेल्या माणसांसाठी ही पद्धत काढली. आता नोंदींसाठीही चालते.”

“मग आत्ता निकाल लागतोय की,” हणमंतराव म्हणाले.

“दोन्ही नावांना लहर यायला हवी, काका. तरच त्या दोघी एक.”

ध्वनिवर्धकातून नावं येऊ लागली. सुनंदा, शेवंता, चांगुणा, विमल, पारुबाई. एकाच आवाजात, उलटसुलट क्रमानं, प्रत्येक नाव चाळीस वेळा. एका वेळची लहर मेंदूच्या इतर गलक्यात हरवते, चाळीसांची सरासरी काढली की ती दिसायला लागते, असं शर्वाणीनं सांगितलं. पडद्यावर पाच रेघा हळूहळू गुळगुळीत होत गेल्या.

‘चांगुणा’च्या रेघेवर ठसठशीत उंचवटा आला.

‘सुनंदा’ची रेघ पारुबाईच्या रेघेइतकीच सपाट राहिली.

शर्वाणीनं पट्टीचे बिंदू तपासले आणि वेध पुन्हा घेतला. दुसऱ्यांदाही तेच. तिनं खुर्ची हणमंतरावांकडे वळवली.

“काका, रागावू नका. तुम्ही काकूंना सुनंदा म्हणून हाक मारायचात ना?”

हणमंतरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आमच्यात बायकोला नावानं हाक मारत न्हाईत, मॅडम.”

“मग काय म्हणायचात?”

“अगं.”

“आणि सासूबाई?”

“सूनबाई. पोरं आई म्हणायची. गावात हवालदारीण.”

“म्हणजे सुनंदा कोणीच म्हणत नव्हतं?”

“नाव ठेवलं होतं, मॅडम,” ते ओशाळून म्हणाले. “वापरलं न्हाई.”

शर्वाणीनं हसू दाबलं. पडद्यावर निकालाची चौकट उघडी होती: ‘एकच व्यक्ती असल्याचं सिद्ध झालेलं नाही.’ खाली शिक्क्याची कळ होती. ती दाबली की अर्ज फेटाळला जाणार आणि फेरअर्जाला नव्वद दिवस लागणार होते.

चांगुणाबाई अस्वस्थ झाल्या. डाव्या हाताचं बोट त्या खुर्चीच्या दांड्यावर ओढत होत्या. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे.

“काय पाहिजे? पाणी?” हणमंतरावांनी विचारलं. चांगुणाबाईंची मान आडवी हलली, मग उभी, आणि चिडून त्यांनी डोळे मिटले. बोट चालूच होतं.

शर्वाणी त्या बोटाकडे बघत होती. “काकू, लिहून दाखवताय?” मग तिनं एकदम हणमंतरावांकडे पाहिलं. “काका, तुम्ही पत्रं लिहायचात?”

“लिहायचो की. लेहच्या पुढं आमची चौकी होती. फोन कुठला तिथं? पंधरा दिवसाला एक निळं पत्र.”

“वरती काय लिहायचात? अगं?”

हणमंतरावांचे कान लाल झाले. अडुसष्टाव्या वर्षीही ते लपलं नाही. “पत्रात कुणी ऐकत न्हाई, मॅडम. प्रिय सुनंदा लिहायचो.”

शर्वाणीनं लगेच कोरे कागद आणि पेन पुढे सरकवलं. “लिहा. नियमात ‘नावाला प्रतिसाद’ असं आहे, कानांनीच ऐकायला हवं असं कुठं म्हटलेलं नाही. पण पाचही नावं तुमच्या हातानं लिहा. एकट्या सुनंदाचं लिहिलंत, तर काकूंचा मेंदू तुमचं अक्षर ओळखेल. ते नाव ओळखणं झालं नाही.”

“पाच बायकांची नावं?” हणमंतरावांनी चोरट्या नजरेनं खुर्चीकडे पाहिलं. “हिच्यासमोर?”

चांगुणाबाईंच्या घशातून आवाज निघाला. ओठाची एक बाजू वर गेली. चार महिन्यांत त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

हणमंतरावांनी पेन चौकीवर धरायचे तसं धरलं, बोटं गारठल्यासारखी घट्ट आवळून. शेवंता. विमल. चांगुणा. पारुबाई. शेवटी सुनंदा. ‘सु’चा उकार त्यांनी खाली लांब ओढला. ती खोड अजून गेली नव्हती.

शर्वाणीनं कागद कॅमेऱ्यात टिपून घेतले आणि नावं एकेक करून पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. या वेळी खोलीत आवाज नव्हता. पाच रेघा थरथरत पुढे सरकत होत्या. दहा वेळा, वीस वेळा. हणमंतरावांना त्या रेघांतलं काही कळत नव्हतं, म्हणून ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तिसाव्या फेरीनंतर एक रेघ उचलली गेली. चाळीस पूर्ण झाल्या तेव्हा ‘सुनंदा’चा उंचवटा ‘चांगुणा’इतकाच ठसठशीत होता. उरलेल्या तिघी सपाट होत्या.

“आहेत,” शर्वाणी म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. “दोघी एकच आहेत, काका. एक कानात राहिली, एक डोळ्यात.”

तिनं शिक्का उमटवला. पण ‘एकनोंद’नं लगेच पुढचा प्रश्न टाकला: ‘कायम ठेवायचं नाव निवडा. दुसरं नाव पुसलं जाईल.’

“अर्जाप्रमाणे चांगुणा ठेवते,” शर्वाणी म्हणाली.

“थांबा.” हणमंतराव उठून उभे राहिले. “ते तिच्या वडलांनी ठेवलेलं. हे आमच्या आईनं. मी नुसता बोरू.” ते खुर्चीकडे वळले. “हिला तेव्हा कुणी विचारलं न्हाई. मीपण आत्ता अर्ज करताना विचारलं न्हाई. कागद कमी बदलावे लागतील, एवढंच बघितलं. ही जागा रिकामी ठेवता येती का?”

शर्वाणीनं नियमावली उघडली. थोडा वेळ खाली-वर शोधलं. “नवजात बाळांसाठी सोय आहे. ‘नाव ठरायचं आहे.’ सहा महिने. वयाची अट लिहिलेली दिसत नाही.” तिनं मान वर केली. “कार्ड अंगठ्याच्या ठशावर चालेल. सोमवारी दाखल करा. सहा महिन्यांत काकूंनी स्वतः सांगायचं.”

“सांगंल ती.”

“आणि काका, उपचारांत रोज नावानं हाक मारावी लागेल. मोठ्यानं. ‘अगं’ चालणार नाही.”

पट्टी निघाली, पडदा विझला. कार्ड छापून यायला दोन मिनिटं लागणार होती. हणमंतराव खुर्चीसमोर, दुखऱ्या गुडघ्यांवर, जमिनीला टेकले. त्यांनी दाराकडे पाहिलं. शर्वाणीनं समजून पाठ फिरवली.

“चांगुणा,” ते म्हणाले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. स्वतःच्याच तोंडून ते नाव त्यांना परक्या गावासारखं वाटलं. घसा खाकरून त्यांनी दुसरंही म्हणून पाहिलं. “सुनंदा.” मग विचारलं, “कुठल्या नावानं हाक मारू तुला?”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. गळ्याची शीर ताणली गेली. शर्वाणी नकळत वळली होती.

“अ,” चांगुणाबाई म्हणाल्या. स्पष्ट, एकच अक्षर.

मागच्या यंत्रातून कार्ड बाहेर आलं, नावाच्या जागी कोरं. तिकडे कोणी पाहिलं नाही. दोन्ही नावांत त्या अक्षरानं सुरू होणारं एकही नव्हतं. मग ते ‘अहो’ होतं, की ‘अगं’, की आतापर्यंत कोणीच न लिहिलेलं, तिचं तिनं ठेवलेलं तिसरंच नाव?