दाराचा कान

तळ्याकाठच्या खांबांवर वाळक्या भोपळ्यांचे चाळीस पोकळ तुंबे टांगलेले होते. प्रत्येक तुंब्याच्या तोंडाशी एक पातळ झडप होती आणि झडपेत एक यंत्राचा कान. पक्ष्याने साद घातली की कान ऐकायचा, आणि साद जांभळ्या पाकोळीची असली तरच झडप सरकायची. या झडपेला लोक 'पारखी दार' म्हणत. अमेरिकेत अशी आठ लाख दारं होती.

या पाकोळ्यांनी झाडांच्या ढोली केव्हाच सोडल्या होत्या. कित्येक पिढ्या त्या माणसाने टांगलेल्या तुंब्यांतच अंडी घालत आल्या होत्या. तिथे घुसत त्या युरोपातून कुणीतरी हौसेने आणून सोडलेल्या काळ्या, पिवळ्या चोचीच्या साळुंक्या. अंडी फोडायच्या, पिलांना टोचून मारायच्या. भोकाचा आकार बदलून पाहिला, तरी त्यांच्यातल्या काही आत शिरायच्याच. दारालाच कान दिल्यावर मात्र त्यांचं काही चालेना.

या कानाला पारख शिकवली दस्तगीरचाचांनी. मिरजेत पन्नास वर्षं सतारीचे तुंबे कोरून ते अमेरिकेत मुलीकडे राहायला आले आणि रिकामं बसवेना म्हणून इथले राखणदार झाले. दर हंगामानंतर दारांनी टिपलेल्या सादा ते ऐकत आणि खरी कोणती, खोटी कोणती याची खूण करत. त्यावरून सगळी दारं शिकत. चाचांना याचा फार अभिमान होता.

त्या सकाळी दार बनवणाऱ्या डॉ. वैजयंती कारखानीस त्यांच्या बोलावण्यावरून आल्या होत्या.

"बघा की बाई, नऊ नंबरावर चार दिस लटकतीया ती. पाकोळीच हाय. दार काय ऐकंना तिचं."

खरंच, एक दमलेली मादी झडपेला नखं रोवून घोगऱ्या आवाजात साद घालत होती. अंडी घालायचे दिवस भरत आले होते आणि तिला दुसरीकडे कुठेही जागा नव्हती.

डॉक्टरांनी हातातल्या पडद्यावर तिची साद तपासली. "चाचा, दाराला ती पाकोळी वाटत नाही."

"का म्हून?"

डॉक्टरांनी बारा वर्षांपूर्वीच्या सादा लावल्या. घोगऱ्या, नाकातल्या, मध्येच चिरकणाऱ्या. प्रत्येकीपुढे चाचांचीच खूण होती: खोटी.

"दुकानात घोगरा तुंबा मी बाजूलाच ठेवायचा," चाचा म्हणाले. "हितंबी तसंच केलं. साळुंकी नकला करती न्हवं? आवाज जरा फाटका लागला की मला तीच वाटायची."

"ज्यांना दार उघडलं त्यांचीच पिलं झाली. पिलं मोठ्यांचीच साद शिकतात. पुढच्या वर्षी दार त्या पिलांवरून शिकलं. पाकोळ्यांच्या सादेच्या शंभर तऱ्हा होत्या, चाचा. आता एक उरलीय."

तेवढ्यात चौतिसाव्या तुंब्यापाशी सुरेल साद आली आणि झडप अलगद सरकली. आत शिरणाऱ्या पक्ष्याची चोच पिवळी होती. चाचा धावले, कप्पीवरून तुंबा खाली घेतला. पाचही अंडी फुटली होती.

"एकच सूर शिकायचा होता साळुंक्यांना," डॉक्टर म्हणाल्या. "कधी ना कधी हे होणारच होतं."

चाचांनी नववा तुंबा उतरवला, पान्याने झडप काढून टाकली आणि तुंबा पुन्हा वर चढवला. मग काठी घेऊन खाली बसले. दुपारपर्यंत ती मादी आत गेली. सात वेळा साळुंक्या आल्या, सात वेळा चाचांनी हुसकावल्या.

"आठ लाख दारांपाशी कोण बसणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठावं न्हाई," चाचा म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरांनी काठी घेतली आणि चाचा घरी निघाले. मुलीच्या घराच्या दारालाही कान होता. पहिल्या वर्षी ते चाचांचं ऐकेना, तेव्हा नातीने दोन महिने बसून त्यांना त्यांचंच नाव दाराला कळेल असं उच्चारायला शिकवलं होतं. एका फटक्यात दार उघडलं तेव्हा घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आज त्यांनी ठरवलं, मिरजेच्या पेठेत सांगायचो तसंच नाव सांगायचं. मग उघडो, न उघडो. त्यांनी घसा खाकरला आणि नाव घेतलं.

दार उघडलं.

"नाना, आत या ना," नात म्हणाली. चाचा उंबऱ्यातच उभे राहिले. आपलं नाव पुन्हा पुन्हा, हळू आवाजात घेऊन पाहत होते. मिरजेतला उच्चार काही सापडेना; दर वेळी दाराला आवडणारा आवाजच येत होता.