पट्टीतली फट

मामाचा नियम साधा होता. दुपारी बाराच्या ठोक्याला, घड्याळदुरुस्तीच्या टेबलावरून न उठता, समोरच्या दाराचा एक फोटो. रोज एकच. बटण दाबल्यावर पुढच्या क्षणी दारात हत्ती येऊन उभा राहिला, तरी दुसरा नाही.

"दुसरा काढला की निवड आली," तो म्हणायचा. "मला निवडायचं नाही. बघायचंय."

एकतीस वर्षं त्याने हे पाळलं. "स्वतःच्या लग्नातसुद्धा एक फोटो काढला आणि जेवायला बसला," असा टोमणा त्याची बहीण अजून मारायची.

भाचीला मात्र त्याचं अपार कौतुक होतं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती प्रयोगशाळेत लागली होती, पण नोंदींच्या बाबतीत इतका पक्का माणूस तिला तिथेही भेटला नव्हता. जे हुकलं त्याचीही मामाकडे वही होती. दर ओळीला तारीख आणि काय निसटलं ते.

आता त्याची नजर चालली होती. डॉक्टरांनी फार तर महिना सांगितला होता. त्याआधी सगळे फोटो मोठे करून त्याला दाखवायचे, म्हणून ती रोज दुपारी दुकानात येऊन निगेटिव्ह लावत बसायची.

"मोजपट्टी," मामा लहानपणापासून तिला अशीच हाक मारायचा, "ती मामीची ओळ वाच ना."

तिला ती पाठ होती. ‘ही दारात हसली. बोट पोचेपर्यंत वळली.’ त्यानंतर आठ दिवसांत मामी गेली. तिचा हसतानाचा एकही फोटो नव्हता.

"तेव्हा तरी नियम मोडायचास."

"हसणं होऊन गेलं होतं गं. मोडून काय हाती लागणार?"

सोमवारी तिने तो दिवस असलेली सहा दिवसांच्या सहा फोटोंची पट्टी खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवली. मामीच्या पाठमोऱ्या फोटोनंतरची कोरी फट जरा रुंद वाटली. बारीक अंतर मोजायचा कॅलिपर लावला, तर दोन मिलिमीटरऐवजी अडीच. कॅमेऱ्याचं चाक घसरलं असेल, झालं. मंगळवारी खात्रीसाठी पुन्हा मोजली.

सहा.

बुधवारी तिने मुद्दाम कॅलिपर लावला नाही. फट होती तेवढीच दिसली. गुरुवारी लावला.

चौदा. आणि फट आता कोरी नव्हती. तिच्यात दाराची चौकट होती, चौकटीवर टेकलेला हात होता, बोटातली अंगठीसुद्धा स्पष्ट.

तिच्या अंगावर काटा आला. खोटं कशाला, आनंदही झाला. मग सवयीने प्रश्न पडला, ही जागा आली कुठून? अख्खी पट्टी मोजली. दोनशे अठ्ठावीस, जशी असायला हवी तशी. शेवटी फटीपलीकडचा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा फोटो मोजला. छत्तीसऐवजी चोवीस.

त्या फोटोत ती स्वतः होती. सात वर्षांची, शाळेतून येऊन दारातल्या पायरीवर एका पायावर उभी. खांद्यावरचं दप्तर गेलं होतं. खांदाही थोडा गेला होता.

"काय गं, वाचा बसली?"

"काही नाही. आज कसं दिसतंय?"

"तू बसली आहेस एवढं कळतं. चेहरा अंदाजाने."

तिने कॅलिपर खाली ठेवला. आणखी न मोजता पट्टी पाकिटात घालून टाकली असती तर तिथेच थांबलं असतं, हे तिला दोन अधिक दोनइतकं कळत होतं.

मामा डोळे चोळत होता.

तिने कॅलिपर उचलला. फट मोजली. पुन्हा मोजली. शेवटच्या खेपेला आकडा वाचलाच नाही.

"ये मामा. भिंग लाव."

तो वाकला. निगेटिव्ह वाचायला त्याला कधीच छापील प्रत लागली नव्हती. भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिकत होती.

"हसतेय," तो म्हणाला. मग भिंगावरून डोळा न काढता म्हणाला, "हा मी काढला?"

"तूच काढलास."

"मग वहीतली ओळ खोडून टाक. हुकलं नाही ते."

तिने वही उघडली, पान काढलं. मामीची ओळ तिथे नव्हती. तिच्या जागी त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. मामाचंच तिरकं अक्षर, तीच वीस वर्षांपूर्वीची विटलेली शाई.

‘भाची दारात आली होती. बोट पोचेपर्यंत नव्हती.’