एकोणनव्वद गुण

घोटावड्यातल्या माझ्या स्टुडिओत तो पासपोर्ट फोटो काढायला आला, आणि मी नेमकी तेव्हाच कम्प्युटरला शिव्या घालत होते!

पाच वाजेपर्यंत मुळशीच्या एका रिसॉर्टला फिल्म द्यायची होती. पसंत पडली तर वर्षभराचं काम. नाहीतर आप्पा, म्हणजे माझे वडील, स्टुडिओचा हा गाळा दुसऱ्याला भाड्यानं देणार. तसं त्यांनी सांगूनच टाकलं होतं. आणि व्हिडिओ दर दोन सेकंदांनी अडखळत होता.

"लिनक्स?" पडद्याकडे बघून त्याचे डोळे चमकले. "मी अमोघ. हिंजवडीत हेच करतो. बघू?"

"बघा की. पण बंद नाही करायचं हां!"

"बंद कशाला? डिस्क चालूच राहील. फायलींचे तुकडे इकडेतिकडे पसरलेत... ते सलग लावायचे."

"म्हणजे घरात पाव्हणे बसलेले असताना घर आवरायचं?"

"अगदी!" हसताना त्याचा चष्मा नाकावर घसरला. अरे देवा...

पडद्यावरच्या काळ्या खिडकीत त्यानं तुकडे सलग लावणाऱ्या ई-फोर-डिफ्रॅगची आज्ञा लिहिली. "पासवर्ड टाका," म्हणाला, आणि चक्क भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझीच बोटं चुकली — दोनदा!

आधी नुसती तपासणी. "पंचावन्नच्या वर गुण म्हणजे आवरायला झालं. तुमचे एकोणनव्वद."

"बारावीला पडले असते तर आप्पांनी गावजेवण घातलं असतं."

मग दुसरी आज्ञा. फायलींची नावं भराभर सरकू लागली. आमची डोकी पडद्याजवळ आली, आणि मागे कुणीच सरकेना.

तेवढ्यात परतीच्या पावसाचे ढग गडगडले. ढग वाजले की आप्पा घराचा आणि गाळ्याचा मेन स्विच खाली ओढतात. गावात सगळेच ओढतात. मी गाळ्यामागच्या आमच्या पडवीत धावले. आप्पांचा हात खटक्यावर होताच.

"आप्पा, थांबा! काम चालू हाय!"

"ईज पडंल! खुळी का काय तू?"

"पाचच मिनिटं! माझं समदं तितं अडकलंय!" मी मीटरपुढे हात पसरून उभी राहिले. आप्पा बघतच राहिले.

"झालं!" आतून अमोघ ओरडला.

फिल्म झरझर चालली. पाचला पाच मिनिटं कमी असताना पाठवली. सव्वापाचला रिसॉर्टचा फोन आला — काम माझंच! मी उडीच मारली.

पासपोर्टचा फोटो काढून झाल्यावर अमोघनं बॅग खांद्याला लावली. "चला... आणखी काही अडलंय?"

आज मीटरपुढे उभी राहिले होते, आता कुणाला भ्यायचं?

"व्हय," मी म्हणाले. "तुमी जाऊ नये असं वाटतंय."

तो कानापर्यंत लाल झाला. बॅग मात्र खाली ठेवली.

"अहो, गेली दहा मिनिटं मी या बॅगेची चेन नुसती उघडझाप करतोय..."