वाळूच्या कणाएवढं आकाश

कस्तुरी गुरवच्या वाट्याला वाळूच्या एका कणाएवढं आकाश आलं होतं.

त्या वर्षी 'अपार' नावाची नवी अवकाश दुर्बीण (पृथ्वीच्या वातावरणाबाहेर राहून आकाश बघणारी दुर्बीण) कामाला लागली होती. ती इतके फोटो पाठवायची की ते बघून शास्त्रज्ञ थकून गेले. संगणक त्यांतल्या दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांची एकेक प्रचंड वसाहत) मोजायचे. पण अगदी फिकट किंवा दुसरीच्या आड लपलेली दीर्घिका त्यांच्या नजरेतून निसटायची. म्हणून शाळाशाळांतून मुलांना मदतीला बोलावलं. ज्याला हवा त्याला आकाशाचा एक तुकडा मोजायला मिळणार होता. तुकडा केवढा, तर वाळूचा एक कण चिमटीत धरून हात लांब केला, की त्या कणामागे जेवढं आकाश झाकलं जातं तेवढा.

"एवढ्याशात असून असून किती असणार?" सातवीतली कस्तुरी वर्गात म्हणाली होती. तिचा अंदाज होता चाळीस.

पंधरा दिवसांनी तिची मोजणी चार हजार दोनशेच्या पुढे गेली, आणि फोटोचा एक कोपरा अजून बाकी होता.

तिने वहीत गुणाकार करून पाहिला. सगळं आकाश झाकायला असे सुमारे अडीच कोटी कण लागतात, असं माहितीपत्रकात दिलं होतं. म्हणजे दीर्घिका झाल्या दहा हजार कोटींहून जास्त. आणि प्रत्येकीत अब्जावधी सूर्य. कस्तुरीने गुणाकार तीनदा केला. उत्तर तेच येत राहिलं.

कस्तुरीचे वडील, सोपान गुरव, आंबेघरच्या भैरवनाथाच्या देवळात पूजा करायचे. त्यांच्या घरात हे काम किती पिढ्यांपासून चालत आलं होतं, ते कुणालाच नीट सांगता यायचं नाही. शाळेआधी कस्तुरी त्यांच्याबरोबर देवळात जायची, पाणी भरून द्यायची, फुलं निवडून द्यायची. गुणाकार केला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कळशी घेऊन उंबऱ्यापाशीच थांबली.

"अण्णा, एक विचारू? ह्या सगळ्याचा कुणी कर्ता असेल, तर त्याला आंबेघर कुठं आहे हे तरी माहीत असेल का?"

अण्णा हसले. "त्याला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"तुम्ही फोटो बघितला नाही म्हणून असं म्हणता. तो बघितल्यावर मला तर वाटतं, आपण कुणाच्या खिजगणतीतही नसणार. उद्यापासून मी देवळात येत नाही. उगाच खोटं खोटं हात जोडायला नको वाटतं."

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी फक्त फोटो बघायला मागितला. दुपारी कस्तुरी शाळेतून आली, तेव्हा ते पडद्यासमोर बसलेले होते. एकेक ठिपका बोटाने मोठा करून बघत होते. तिची चाहूलही त्यांना लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांचं काहीतरी बिनसलं. आई म्हणाली, "त्यांचं जेवणात लक्ष नाही. तू काय दाखवलंस त्यांना?" तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाताना कस्तुरीने देवळात डोकावून पाहिलं. लहानपणापासून तोंडपाठ असलेला मंत्र म्हणताना अण्णा मधेच थांबले, पुन्हा सुरुवात केली आणि त्याच जागी पुन्हा थांबले. मग तांब्या खाली ठेवून तसेच बसून राहिले.

कस्तुरी दारातूनच मागे वळली. आपण येत नाही म्हटलं, ते स्वतःपुरतं. अण्णांचं काही काढून घ्यायचं तिच्या मनात नव्हतं.

रविवारी अण्णांनीच विषय काढला. "काळकड्याच्या पठारावर ती वेधशाळा (आकाशाचा अभ्यास करण्याची जागा) आहे ना, तिथं जाऊ. ज्यांनी फोटो काढलाय त्यांनाच विचारू."

विनाचालक एसटीने तासाभरात दोघांना पठारावर सोडलं. दारात एक कमरेएवढा यंत्रमानव उभा होता. वेधशाळेतल्या सगळ्या नोंदी तो ठेवायचा, म्हणून सगळे त्याला टिपणीस म्हणायचे. अण्णांनी त्याला नमस्कार केला. टिपणीसनेही दोन्ही हात जोडले, पण ते थोडे वाकडे जुळले.

"कस्तुरी गुरव," तो म्हणाला. "तुमच्या नोंदी माझ्याकडे येतात. चार हजार दोनशे तीस. अक्षर चांगलं आहे."

"मी तर टाइप करते," कस्तुरी म्हणाली.

"तरीही," टिपणीस म्हणाला आणि त्यांना आत घेऊन गेला.

आत डॉक्टर वत्सला खरात बसल्या होत्या. सत्तरी गाठलेल्या, पांढऱ्या केसांच्या. 'अपार' दुर्बिणीचा आरसा ज्या गटाने तयार केला, त्या गटात त्यांनी वीस वर्षं काम केलं होतं. त्यांनी दोघांना चहा दिला आणि येण्याचं कारण विचारलं.

अण्णांनी चहा बाजूला ठेवला. "बाई, मी गुरव. देवाची पूजा हे माझं काम. पोरीनं फोटो दाखवला, तेव्हापासून हात चालत नाही. तुम्ही हे रोज बघता. एवढ्या पसाऱ्याला कुणी कर्ता असेल का, आणि असला तर आमच्याकडं बघायला त्याला सवड होईल का, एवढं सांगा. माझं मन राखायला म्हणून काही सांगू नका."

खरातबाईंनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सोपानराव, मी देव मानत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे माझं पुढचं बोलणं तुम्हाला पारखून घेता येईल."

अण्णांचा चेहरा उतरला. आपलंच खरं ठरलं म्हणून आनंद होईल, असं कस्तुरीला वाटलं होतं. पण तिला अजिबात आनंद झाला नाही.

"पण विश्व फार मोठं आहे म्हणून मी देव मानत नाही, असं मात्र नाही," खरातबाई पुढे म्हणाल्या. "त्याची माझी कारणं वेगळी आहेत. विश्वाच्या आकारावरून हा प्रश्न सुटत नाही. कस्तुरी, विश्व एवढं मोठं कशाला, असंच तुला वाटलं ना?"

"हो. एवढी सगळी जागा वाया गेल्यासारखी वाटते."

"वाया गेली का ते बघू. सोपानराव, तुमच्या देवळातली घंटा कशाची आहे?"

"काशाची," अण्णा म्हणाले. "तांबं आणि कथील."

"ते कुठून आलं?"

"खाणीतून. जमिनीतून."

"आणि जमिनीत कुठून आलं?"

अण्णांनी कस्तुरीकडे पाहिलं.

"विश्व सुरू झालं तेव्हा तांबं नव्हतं," खरातबाई सांगू लागल्या. "लोखंड नव्हतं, आपण श्वास घेतो तो प्राणवायूही नव्हता. होते ते बहुतेक दोनच वायू, हायड्रोजन आणि हेलियम. त्या वायूंचे ढग आपल्याच वजनाने आकसले, तापले आणि त्यांचे तारे झाले. तारा म्हणजे एक भट्टी. हलके अणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) तिच्यात एकमेकांना जोडले जातात आणि जड अणू तयार होतात. मग तारा म्हातारा होतो. काही तारे फुटतात, काही हळूहळू विरतात, आणि आत शिजलेलं सगळं आकाशात उधळलं जातं. त्यातून पुढचे तारे, ग्रह, तुमची घंटा, आणि कस्तुरीच्या रक्तातलं लोखंड."

"ह्याला किती वेळ लागतो?" अण्णांनी विचारलं.

"फार. ताऱ्यांच्या काही पिढ्या जगून संपाव्या लागतात. नंतर पृथ्वी निवायला हवी, तिच्यावर जीव रुजायला हवा. आपल्यापर्यंत यायला सुमारे तेराशे ऐंशी कोटी वर्षं लागली. आता कस्तुरी, तुझं ते मण्यांचं ब्रेसलेट दे बरं."

ते इलॅस्टिकमध्ये ओवलेलं साधं ब्रेसलेट होतं. खरातबाईंनी ते दोन्ही हातांनी ताणलं. "मणी मोठे झाले का?"

"नाही. मण्यांमधली जागा वाढली."

"मणी म्हणजे दीर्घिका. इलॅस्टिक म्हणजे त्यांच्यामधली जागा. ती सुरुवातीपासून सतत ताणली जातेय. ह्याला विश्वाचं प्रसरण (फैलावत जाणं) म्हणतात. आता तूच सांग. जे विश्व तेराशे ऐंशी कोटी वर्षं ताणलं जातंय, ते केवढं असेल?"

कस्तुरी ब्रेसलेटकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "अवाढव्य. ते छोटं असतं, तर त्याला ताणलं जायला वेळच मिळाला नाही, असा अर्थ झाला असता. आणि वेळ मिळाला नसता तर तारे शिजून फुटले नसते. मग लोखंड नाही, आणि आपणही नाही."

"छोट्या विश्वात त्याला छोटं म्हणायलाही कुणी नसतं," खरातबाई म्हणाल्या.

अण्णा एकदम ताठ बसले. "म्हणजे हे सगळं आपल्यासाठीच केलं, असं म्हणायचं का?"

"तशी घाई करू नका," खरातबाई हसून म्हणाल्या. "तळ्यात पाणी आहे म्हणून मासा जगतो, एवढं खरं. पण तळं कुणी माशासाठी खणलं की पावसाच्या पाण्याने आपोआप साचलं, हे माशाकडे बघून कळत नाही. मासा लहान आणि तळं मोठं, म्हणून तळं कुणी खणलंच नाही, हेही ठरत नाही. मोजपट्टीचं काम म्हणजे केवढं आहे ते सांगणं. कुणी केलं आणि का केलं, तिथवर ती पोचत नाही."

तेवढ्यात दार उघडून एक उंच गृहस्थ आत आले. वर सारलेल्या बाह्या ते खाली करत होते.

"हे डॉक्टर झुबेर पटेल," टिपणीस म्हणाला. "नमाजला गेले होते."

"तुम्ही देव मानता?" अण्णांनी विचारलं.

"मानतो की," पटेल खुर्ची ओढून बसत म्हणाले. "नवीन फोटो आला की माझं डोकं आणखी थोडं झुकतं. बाईंना म्हणतो, ज्याच्यासाठी कुठलीच गोष्ट मोठी नाही, त्याच्यासाठी कुठलीच लहानही नसणार. त्याला आंबेघर बघायला सवड काढावी लागेल, असं मला वाटत नाही. पण ही माझी श्रद्धा झाली. ती मी शोधनिबंधात लिहीत नाही."

"आणि मी त्यांना म्हणते, मला त्याची गरज वाटत नाही," खरातबाई म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, एका टेबलावर डबा खातो. हा वाद अजून मिटलेला नाही."

"दोघांच्या मोजणीतला फरक मी तपासला आहे," टिपणीस म्हणाला. "शून्य."

अण्णांना हसू फुटलं. चार दिवसांत ते पहिल्यांदाच हसत होते. त्यांनी गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला आणि म्हणाले, "बाई, आणखी एक मागायचं होतं. हे कण फक्त शाळेच्या मुलांनाच मिळतात का? एखादा माझ्या नावावर मिळेल का?"

परतीच्या एसटीत दोघं खिडकीपाशी बसली. कस्तुरीने विचारलं, "अण्णा, मी देवळात आले नाही तर चालेल? मला अजून ठरवता येत नाही."

"चालेल," अण्णा म्हणाले. "तू तुझं मोजत राहा, मी माझी पूजा करत राहतो. ज्याला आधी काही उमगेल त्यानं दुसऱ्याला सांगायचं."

"आणि कुणालाच नाही उमगलं तर?"

"तर त्या दोघांसारखं एका ठिकाणी बसून डबा खायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरी देवळाच्या पायरीवर बसून फोटोचा राहिलेला कोपरा मोजत होती. आतून अण्णांचा आवाज येत होता. ज्या जागी तो अडायचा, तिथून तो सहज पुढे गेला. कस्तुरीने मान वर न करता एक दीर्घिका टिपली आणि पुढच्या ठिपक्याकडे वळली.

अण्णा रोज जेवण झाल्यावर स्वतःचा कण मोजायला बसू लागले. जन्मभर पहाटेच्या अंधुक उजेडात फुलं निवडलेली नजर होती ती. डाग कुठला, पाकळी कुठली, हे त्यांना झटकन कळायचं. संगणकाकडून निसटलेल्या चौदा फिकट दीर्घिका त्यांनी पहिल्याच महिन्यात शोधल्या. टिपणीसचा निरोप आला: चौदाही तपासल्या, चौदाही बरोबर, सोपान गुरव, आंबेघर, अशी नोंद केली आहे. पुढच्या वर्षी दुर्बीण याहून खोल बघणार आहे, अगदी पहिल्या ताऱ्यांच्या काळापर्यंत. तेव्हाही एक कण घ्याल का, असं त्याने दोघांनाही विचारलं होतं.

अण्णांनी पडद्यावरचा एक तांबूस ठिपका मोठा केला. "कस्तुरी, ह्याचा उजेड निघून किती दिवस झाले असतील?"

"दिवस नाही, अण्णा. तेराशे कोटी वर्षं."

"असं होय," अण्णा म्हणाले आणि चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग घाई नको. सावकाश मोजू."